डोपिंगची कार्यशाळा कशी उरकावी

परवा पुण्यातल्या एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंसाठी उत्तेजक द्रव्यांविषयी जागृती कार्यशाळा झाली. दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळं तासाभरात. इतकी नेटकी कामगिरी वाया जाऊ नये, म्हणून पुढच्या आयोजकांनी काय काय उचलावं ते सांगतो.

मुहूर्त आदल्या संध्याकाळचाच धरा. धावपटू एस.टी.तून आंबून आलेले असतात, पैलवान उद्याच्या वजनासाठी पाणी सोडून बसलेले असतात, त्यामुळे प्रश्न विचारायचं त्राण कुणात नसतं. शिवाय काही औषधांवर फक्त स्पर्धाकाळापुरती बंदी असते, ती आदल्या रात्री ११.५९ ला लागू होते, म्हणजे सहाला सांगितलं तरी सहा तास हातात राहतात. आता सूज-दुखण्यावरच्या ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचं इंजेक्शन कमरेत घेतलं असेल तर ते अंगातून जायला ६० दिवस धरावे लागतात, गुडघ्यात घेतलं असेल तर १०. पण सहा तासही काही कमी नाहीत. औषध खरोखरच गरजेचं असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा, म्हणजे टीयूईचा अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करायचा असतो. हेही त्याच संध्याकाळी सांगून टाका.

सत्कार आधी, व्याख्यान नंतर. उरलेली पंधरा मिनिटं वक्त्याला पुष्कळ झाली.

भाषा इंग्रजीच ठेवा. समोर दौंड, इंदापूर, मुळशीची पोरं बसलेली असली तरी ‘स्ट्रिक्ट लायबिलिटी’ला हात लावू नका. ‘तुझ्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी तुझी, कुणी दिलं हा प्रश्न नंतरचा’ असं मराठीत सांगितलं तर पोरं दचकतील. वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, तेव्हा पडद्यावर मागच्या वर्षीची लावायला हरकत नाही. अक्षर बारीक ठेवलं की साल कुणाला दिसत नाही.

नमुना घेण्याचं किट हॉलमध्ये आणूच नका. तीन-चार किटांतून आपलं किट आपणच निवडायचं, खोक्यावरचे आणि बाटल्यांवरचे नंबर जुळवून बघायचे, किमान ९० मिली लघवी द्यायची, आधी ‘बी’ बाटलीत ३० मिली आणि मग ‘ए’त ६० मिली आपल्या हाताने ओतायची, गेल्या सात दिवसांतली औषधं न् पावडरी फॉर्मवर लिहायच्या, फॉर्मची प्रत जपून ठेवायची, सोबत आपला माणूस नेता येतो... हे हातात घेऊन दाखवायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात चहा गार होतो. मग दिल्लीत होतं तसं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकटाच धावला. नमुना टाळला तरी चार वर्षांपर्यंत बंदी बसते, हे सांगणाराही तिथे कुणी नसावा.

रोज एक तास कुठे सापडाल ते आधी कळवायचं आणि १२ महिन्यांत तीनदा चुकलं की औषधाचा थेंब न घेताही बंदी, हा भाग ‘वेळेअभावी’ गाळा. असं रोज कळवावं लागणाऱ्यांच्या यादीत थोडेच खेळाडू असतात. बॉक्सर परवीन हुडाला २०२४ मध्ये याच कारणाने २२ महिन्यांची बंदी झाली आणि देशाने पॅरिसचा कोटा गमावला, ते सोडा.

आता मुख्य सूचना. पडद्यावर स्टेरॉइडची सिरिंज आणि फुगलेले दंड दाखवा. ‘हे आपण घेत नाही’ याची हॉलमधल्या प्रत्येकाला खात्री असते, सगळे खूश होऊन घरी जातात. खोकल्याचं औषध, सलाईन, वडिलांची बीपीची गोळी हे विषय चुकूनही काढू नका. कफाच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. बाटली फिरवली की मागच्या लेबलवर ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिनच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि त्याला स्पर्धेत न् स्पर्धेबाहेर, बाराही महिने बंदी आहे. पृथ्वी शॉ २०१९ मध्ये यावरच आठ महिने बाहेर बसला, त्याआधी युसूफ पठाण पाच महिने. क्रिकेटवाल्यांची ही गत, तर आमच्या कबड्डीतल्या पोराला कोण सांगणार? तो मेडिकलमध्ये जातो, मागितलेलं सिरप नसतं, काउंटरवरचा म्हणतो, ‘हे घ्या, सेमच आहे.’ ते सेम नसतं! दम्याचा सालब्युटामॉल पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, तीच गोळी किंवा सिरप घेतलं की गेलात, हा फरक हॉलमध्ये कुणी सांगतं का? आणि सलाईन! जरा अशक्तपणा वाटला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पिवळी बाटली लावून पडायची आपल्याकडे रीतच आहे. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेतलं की नियमभंग होतो. ती बाटली ५०० मिलीची असते. आत नुसतं ग्लुकोज न् व्हिटॅमिन असलं तरी फरक पडत नाही, कारण बंदी द्रवावर नाही, पद्धतीवर आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, तपासणी यांनाच काय ती सूट. वजन तोडायला घरातली बीपीची गोळी खाणारा पैलवान, त्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असलं तर, आखाड्यात उतरायच्या आधीच संपलेला असतो. लघवी वाढवणारी जवळपास सगळी औषधं बंद आहेत, त्यात फ्युरोसेमाइडही आलंच. हे सांगायला कुठला पीएचडीवाला लागत नाही हो, चार रिकाम्या बाटल्या आणि एक भिंग लागतं!

पावडरीच्या डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे ना, मग झालं. तो परवाना अन्नाचा आहे, आत काय भेसळ झाली त्याची डोपिंगसाठी तपासणी त्यात होत नाही, वगैरे तपशील कशाला?

२०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले, त्यातले २१३ पॉझिटिव्ह निघाले. हे सगळे बिचारे भोळे होते असं कुणी म्हणणार नाही. जाणूनबुजून टोचून घेणारे आहेत, आणि त्यांना तुमची कार्यशाळा लागत नाही, त्यांना सगळं पाठ असतं. कार्यशाळा ज्याला लागते तो पोरगा मागच्या रांगेत पेंगत होता आणि तुम्ही त्याच्या हातात प्रमाणपत्र दिलंत. उद्या तो सापडला की तेच प्रमाणपत्र त्याच्याविरुद्ध जाईल. ‘तुला तर शिकवलं होतं’ असं सुनावणीत त्याला ऐकवतील. लाज वाटायला हवी. खेळाडूची डोपिंगशी पहिली ओळख शिक्षणातून व्हावी, चाचणीतून नव्हे, असं वाडाचं शिक्षण-मानक २०२१ पासून सांगतंय, आणि तुम्ही चाचणीच्या आदल्या रात्री दिवे पेटवता!

दोन महिने आधी या. वीस-पंचवीस पोरांसमोर, तालमीत नाहीतर मैदानावर, मराठीत बोला. त्या भागातल्या डॉक्टरला, मेडिकलवाल्याला बोलवा. पोराने दवाखान्यात पाय ठेवताच ‘मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होते’ हे पहिलं वाक्य म्हणायचं, ते त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घ्या.

आणि पहिल्या रांगेत हार घालून बसलेल्या प्रशिक्षकांना, वस्तादांना तिथून उठवून पोरांबरोबर बसवा. २०११ मध्ये भारताच्या रिले संघातल्या मुली सापडल्या तेव्हा प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगच्या कॅप्सूलकडे बोट दाखवलं गेलं. आपल्याकडे एक वर्षाची शिक्षा झाली, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. पैलवान नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, ‘जेवणात कुणीतरी मिसळलं’ म्हणाला, तरी २०१६ मध्ये चार वर्षं गेली. देणारा मोकळा राहतो, खाणारा अडकतो, अशी तुमची समजूत असेल तर तीही काढून टाका. खेळाडूला बंदी असलेलं औषध देणाऱ्याला कमीत कमी चार वर्षं, जास्तीत जास्त आजन्म बंदी आहे. तेव्हा वस्ताद, पोराला दुधातून देता त्या पुडीत काय आहे ते आधी तुम्ही सांगा. माहीत नसेल तर देऊ नका.