घंटेत कॅडमियम नसतं, मावशी

मावशीचे फॉरवर्ड मी एरवी न वाचता पुसून टाकतो. हा पुसला नाही, कारण खाली तिने स्वतःची ओळ जोडली होती: "चिंटूचा खोकला हटत नाही, रविवारी मेणवलीला नेते, घंटेखाली उभा करते."

संदेश थोडक्यात असा. पेशव्यांनी वसईहून आणलेल्या घंटा (वाईजवळच्या मेणवलीची त्यांतलीच एक) मुळात आपल्याच देवळांच्या होत्या, पोर्तुगीजांनी त्या वितळवून चर्चवर टांगल्या. त्यांत कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज असे सात धातू आहेत. टोला दिला की नाद बरोब्बर सात सेकंद टिकतो, सात चक्रं जागी होतात आणि आसपासचे रोगजंतू मरतात. चर्चमधली घंटा मात्र नुसती वेळ सांगायला. आणि हे सगळं, अर्थातच, नासाने मान्य केलंय.

आधी धातू, कारण इथे संदेश लिहिणाऱ्याने कमालच केली आहे. मेणवलीच्या घंटेवर माता मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल आहे १७०७. नाशिकच्या नारोशंकर देवळाच्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. ही सालं कुणी नंतर रंगवलेली नाहीत, घंटेबरोबरच ओतलेली आहेत. आता निकेल वेगळा धातू म्हणून ओळखला गेला १७५१ साली. मँगनीज वेगळं काढलं गेलं १७७४ साली, क्रोमियम सापडलं १७९७ साली आणि कॅडमियम १८१७ साली. म्हणजे जो धातू जगात कुणाला ठाऊकच नव्हता, तो ओताऱ्याने शंभर वर्षं आधी मोजूनमापून मुशीत टाकला! खनिजातून अशुद्धी म्हणून कणभर काही आलं असेल तर येवो, त्याला कृती म्हणत नाहीत. शिवाय कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात. वितळलेल्या तांब्यात कॅडमियम टाकलं तर विषारी धूर उठेल आणि घंटा राहील बाजूला, आधी ओताऱ्याचा जीव जाईल.

सगळ्यात मजा म्हणजे घंटेला ज्याच्यामुळे आवाज येतो ते कथील या यादीत नाहीच. घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथलामुळे तो कडक होतो, थोडा ठिसूळही होतो, म्हणून खणखणतो. आपलं कांसं जवळपास याच प्रमाणातलं. लिस्बनचा ओतारी असो की आपल्याकडचा, दोघांची मूस सारखीच.

सात सेकंदांचं काय? पूजेतली घंटी दोन सेकंदांत गप्प होते, मनोऱ्यावरची अजस्र घंटा अर्ध्या मिनिटाच्या वर घुमते. आकार, जाडी, लोलकाचं वजन, टांगलेली जागा, सगळ्यावर ते अवलंबून. हात टेकवला तर घंटी जागीच गप्प, चक्रं जागी झाली असोत वा नसोत.

आता रोगजंतू. इथे माझा संयम सुटतो. घंटेच्या नादात असली शक्ती असते हा समज आपलाच नाही, युरोपातही तो शतकानुशतकं होता. तिकडच्या गावोगावच्या घंटांवर लॅटिन ओळ ओतलेली असे: जित्यांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते. वादळ आलं की चर्चचा सेवक धावत मनोऱ्यावर जायचा आणि ओला दोर धरून घंटा वाजवायचा, म्हणजे गावातल्या सगळ्यात उंच जागी, धातूखाली. १७८४ साली म्युनिकमध्ये एक पुस्तिका छापली गेली, विजा कडाडत असताना घंटा वाजवणं उपयोगाचं कमी आणि धोक्याचं जास्त, हे दाखवायला. त्या काळातला हिशेब असा, की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. श्रद्धा त्यांचीही पक्की होती.

आणि जंतू नादाने मरत असते तर १८९६ च्या प्लेगात मुंबईला एवढं सोसावं लागलं नसतं. देवळं आणि चर्च, दोन्हींना तिथे तोटा नव्हता. वांद्र्याच्या गल्ल्यांत त्या साथीत उभारलेले क्रूस आजही आहेत. मोठ्या घंटेखाली उभं राहून एकच गोष्ट नक्की होते, कान बधिर होतात, आणि लहान मुलाच्या कानांशी हा खेळ नको. मावशी, खोकल्याला दोन आठवडे झाले असतील तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते. आधी तिथे जा.

वितळवलेल्या देवळांच्या घंटांबद्दल थोडं मान्य करतो, नाइलाजाने. पोर्तुगीजांनी देवळं पाडली हे खरं आहे. १५६० च्या दशकात बारदेश-साष्टीत काय झालं ते गोव्यात कुणालाही विचारा, आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर चढवलेल्या चर्चचे अवशेष आजही दिसतात. पण त्यावरून "ही घंटा आपल्या देवळाची" हे सिद्ध होत नाही. तिच्यावर मेरी आहे आणि ओतल्याचं साल आहे. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा किल्ल्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या चर्चच्या घंटा उतरल्या आणि विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या. अप्पांच्या माणसांनी त्यांवरची मेरी खरवडून काढली नाही. मिरवायचीच तर ती जिंकून आणली म्हणून मिरवा, आपलीच परत आणली म्हणून कशाला?

चर्चची घंटा नुसती वेळ सांगते, असं वसईच्या कुठल्याही आजीला सांगून पाहा. सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलुसच्या प्रार्थनेचे तीन-तीन टोले. कुणी गेलं की संथ, वेगळे टोले. पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत घंटा बंद आणि तिच्या जागी लाकडी खटखट. वाडीतला माणूस शेतात असला तरी टोले ऐकून काय झालंय ते ओळखायचा.

राहिली नासा. तिने हे संशोधन कधी केलं, कुठे छापलं, याचा संदेशात पत्ता नाही. तेव्हा उत्तर देण्यासारखंही काही नाही.