रोमहून न आलेली पोथी

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या मठ-ग्रंथालयात 359 क्रमांकाचे एक अरुंद, उभट हस्तलिखित आहे. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेच्या, वेळी एकट्या गायकाने म्हणावयाची लॅटिन पदे त्यात असून शब्दांच्या डोक्यावर अतिशय बारीक स्वरखुणा केलेल्या आहेत. सबंध ग्रंथभर अशा खुणा असलेल्या उपलब्ध हस्तलिखितांत ते जगातील सर्वांत जुने मानले जाते. मी याच गावात राहतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून आपल्याकडे प्राचीनतेविषयी जी चर्चा चालू आहे, ती वाचताना मला या पोथीचा इतिहास सांगावासा वाटतो.

अकराव्या शतकात याच मठातील चौथा एक्केहार्ट या साधूने लिहून ठेवलेली कथा अशी, की फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या विनंतीवरून पोप हेड्रियन यांनी पेत्रुस आणि रोमानुस हे दोन गायक उत्तरेकडे धाडले; रोमानुस वाटेत तापाने आजारी पडला, कसाबसा सेंट गॅलनला पोहोचला आणि आपल्याजवळच्या गायनपोथीसह येथेच राहिला. ती पोथी म्हणजे सन 604 मध्ये निवर्तलेल्या पोप ग्रेगरींच्या मूळ ग्रंथाची अस्सल नक्कल, अशी श्रद्धा रुजली. 1851 मध्ये जेझुइट पंथाचे लुई लांबियोत यांनी 359 क्रमांकाच्या याच पोथीची प्रतिकृती छापली, तीही ग्रेगरींचाच ग्रंथ म्हणून.

हा दावा टिकला नाही, आणि तो कसा ढासळला हे पाहण्यासारखे आहे. पोथीचे मूळ शोधणारा अभ्यासक आधी अक्षराचे वळण पाहतो, मग कोणत्या संतांचे सण त्यात आहेत ते पाहतो, आणि गायनाची पोथी असेल तर स्वरखुणांची धाटणी पाहतो, कारण प्रत्येक प्रदेशाची धाटणी निराळी असे. येथील खुणांजवळ लहान अक्षरे येतात; ‘सी’ असेल तेथे चपळाईने म्हणावे, ‘टी’ असेल तेथे रेंगाळावे. या अक्षरांचा खुलासा करणारे पत्र याच मठातील नोटकरने लिहिलेले आहे. स्वर नेमका किती उंच हे मात्र त्या खुणा सांगत नाहीत, कारण चाल गायकाला मुखोद्गत असे. ही सारी लक्षणे सेंट गॅलनच्याच लेखनशाळेची ठरली, आणि काळ निघाला 922 ते 926. म्हणजे पोथी रोमहून आलेली नाही. ती येथल्याच साधूंनी लिहिली.

पुढे चालींचाही प्रश्न निघाला. जिनिव्हाजवळच्या कोलोनी येथे 1071 मध्ये रोममधील सांता सेसिलिया चर्चसाठी लिहिलेली पोथी आहे, आणि तीमधील चाली पोप ग्रेगरींच्या नावावरून आपण ज्यांना ग्रेगोरियन म्हणतो त्यांच्याहून वेगळ्या आहेत. त्यामुळे ग्रेगोरियन गायन रोमच्या परंपरेतून, पण आल्प्सच्या उत्तरेला फ्रँक गायकांच्या कंठी घडले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

या निष्कर्षाने पोथीचा मान तसूभरही उणावलेला नाही. 922 ते 926 ही वर्षे आणि सेंट गॅलन हे स्थळ ग्रंथालय स्वतःच आपल्या वर्णनात देते. युरोपातही हे सुखासुखी झाले नाही. कोणत्या चाली अधिकृत मानायच्या यावरून फ्रान्समधील सोलेमचे साधू आणि रेगेन्सबुर्गचे प्रकाशक यांच्यात एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षे झगडा चालला होता, आणि त्यात श्रद्धेइतकाच व्यवसायही गुंतलेला होता. पण सोलेमकरांनी 1889 पासून हस्तलिखितांची छायाचित्रेच छापायला घेतली, 1924 मध्ये 359 चीही छापली, आणि ज्याला शंका असेल त्याच्यासमोर पान उघडे केले. आज ती सगळी पाने कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. पोथीच्या लाकडी पेटीवर सन 500 च्या सुमाराची, बहुधा बायझंटियममधील हस्तिदंती पट्टी आहे, आणि तीवर डायोनिसस देवाने भारतीयांशी केलेले युद्ध कोरले आहे. एवढ्यावरून भारत आणि सेंट गॅलन यांचे प्राचीन नाते जोडणे सोपे आहे; पट्टी मात्र केवळ ग्रीक पुराणकथा सांगते, आणि आपण तेवढेच म्हणावे.

आपल्याकडे पोथीचा काळ विचारणाऱ्याकडे लगेच संशयाने पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. 5 जानेवारी 2004 रोजी एका पुस्तकाच्या रागातून भांडारकर संस्थेत ग्रंथांची आणि हस्तलिखितांची जी नासधूस झाली, ती आठवली की आजही जीव तुटतो. वास्तविक ही चिकित्सा आपल्याला परकी नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मूळ ग्रंथ अतिशुद्ध असूनही पाठांतराने, म्हणजे पाठ बदलत गेल्याने, अबद्ध झाला आहे असे स्पष्ट सांगून. एवढ्या भक्ताला पाठ तपासण्यात ज्ञानदेवांचा अवमान दिसला नाही. 1909 मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि तिच्या काळाविषयी व भाषेविषयी विद्वानांत मतभेद झाले. ते व्हायलाच हवेत. पण असा मतभेद अभिनिवेशाने मिटत नाही. त्यासाठी प्रती शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. म्हणून अभिजात दर्जाच्या निमित्ताने जो निधी मिळेल, त्यातून समारंभांच्या आधी मठांत, संस्थांत आणि घराण्यांत असलेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतींची पानन् पान छायाचित्रे घेतली जावीत, प्रत्येकीसोबत तिचा ज्ञात काळ आणि स्थळ नोंदवले जावे, आणि ती पुण्यातल्या संशोधकाइतकीच गडहिंग्लजच्या विद्यार्थ्यालाही विनापरवानगी पाहता यावीत, अशी माझी मागणी आहे.