बुध वक्री, फ्रीज बंद

आमचा फ्रीज गेला तो शनिवारी, 19 जुलै 2025 ला. तारीख जन्मभर विसरणार नाही कारण आदल्याच दिवशी बुध वक्री झाला होता, म्हणजे आकाशात उलटा चालायला लागला होता. फ्रीजने जरा मनावर घेऊन गुरुवारी मान टाकली असती तर त्याच संध्याकाळी स्टेशनवरून येता येता नवीन बुक करून आले असते, विषय संपला असता. पण नाही, अकरा वर्षं इमानेइतबारे चालला आणि गेला तो नेमका मुहूर्त गाठून.

सकाळी सहाला दूध ठेवायला दार उघडलं तर लाईट लागला, म्हणून आधी कळलंच नाही. मग पायाला ओलं लागलं. फ्रीजरमधलं सगळं सुटून खाली तळं झालेलं. जानेवारीत सोलून ठेवलेले मटार, खोवलेलं खोबरं, आठ दिवसांची साय, आणि गणपतीत काढू म्हणून मे महिन्यापासून कोणाला हात लावू न दिलेला आमरस. त्या दिवशी नाश्त्याला आमरस, जेवायला मटार भात आणि आमरस, रात्री मटार उसळ आणि उरलेला आमरस, मधल्या वेळात मी ताक घुसळत बसलेली. नवरा म्हणाला, चला फ्रीज गेल्याचा एक तरी फायदा झाला. त्याच्याकडे मी ज्या नजरेने बघितलं तिला शास्त्रात वक्रदृष्टी म्हणतात.

मी म्हटलं उद्या रविवार आहे, जाऊन नवीन घेऊन येऊ. तर सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, कपाटातून पंचांग काढलं, चष्मा पुसला आणि निकाल दिला, "बुध वक्री आहे. 11 ऑगस्टपर्यंत यंत्र घ्यायचं नाही."

अहो आई, तेवीस दिवस? पावसाळ्यात? मी लगेच लेकीकडे बघितलं, कारण ती कॉलेजला आहे, आजीच्या कुठल्याच गोष्टीशी तिचं पटत नाही, उपासाच्या साबुदाण्यापासून केसांच्या लांबीपर्यंत. तर ही बया मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, "आजी बरोबर बोलतेय. मर्क्युरी रेट्रोग्रेड आहे. इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं नसतं, काही साईन करायचं नसतं आणि एक्सला मेसेज करायचा नसतो." सासूबाई म्हणाल्या, एक्स म्हणजे कोण गं? ती म्हणाली, मैत्रीण आहे एक. सासूबाईंनी मान डोलावली, म्हणाल्या नकोच करू मग. वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात आजी आणि नातीचं एकमत झालं आणि ते माझ्या फ्रीजवरून झालं.

मला खरं तर याचंच जास्त नवल वाटलं. माझ्या माहेरी पण पत्रिका, पंचांग सगळं होतं, पण बुधाला कोणी इतका भाव दिलेला मला आठवत नाही. धाक असायचा तो शनीचा, साडेसाती म्हटलं की बाबा सुद्धा शनिवारी मारुतीला तेल घालून यायचे. लग्नाच्या वेळी मंगळ. गुरुबळ वगैरे. बुध म्हणजे आपला कोपऱ्यातल्या टेबलावरचा हेडक्लार्क, हिशोब, लिखापढी, व्यापार, बोलणंचालणं एवढं खातं सांभाळणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. वक्री झाला तर पंचांगात बारीक टाईपात एक ओळ, संपलं. तोच आता इंग्रजी नाव लावून परदेशातून रील्समधून फिरून आला आणि घरातल्या सगळ्यांना दमात घ्यायला लागला. आपली माणसं फॉरेन रिटर्न झाली की त्यांचं वजन वाढतं ते हे असं.

मग मी रिपेअरचा मार्ग धरला. रिपेअर म्हणजे खरेदी नव्हे, त्यावर पंचांगात काही नव्हतं. आता सूर्यसिद्धांतात ग्रहांच्या गती आठ प्रकारच्या सांगितल्यात, वक्र, अनुवक्र, विकल, मंद, मंदतर, सम, शीघ्र आणि शीघ्रतर. ज्याने कोणी ही यादी केली त्याच्या घरी फ्रीज नसणार पण मेकॅनिक नक्की येत असणार. फोन लावला तर पहिल्या रिंगला उचलून "निघालोच मॅडम" ही शीघ्र गती. दोन तासांनी "कल्याणला आहे", ही मंद. संध्याकाळी "पाऊस बघताय ना", ही मंदतर. सोमवारी आला तो बिल्डिंगच्या गेटपर्यंत, लिफ्ट बंद म्हणून पाचव्या मजल्याचं नाव ऐकून परत गेला, हा वक्र. मंगळवारी वर आला, मागची जाळी उघडली आणि पाना विसरला म्हणून पुन्हा खाली गेला तो गुरुवारीच उगवला, हा अनुवक्र. शेवटी कॉम्प्रेसर गेलाय, नवीन घ्या, असं सांगून पाचशे रुपये व्हिजिट घेऊन जो काय जिना उतरला ती शीघ्रतर. विकल मी होते. सम गती मात्र काही बघायला मिळाली नाही.

तोवर आमचा संसार समोरच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये. वहिनी स्वभावाने अत्यंत चांगल्या, हे आधी सांगते, पण दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये आपलं दूध असणं ही काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. सकाळी सहाला त्यांची बेल वाजवायची तर त्यांची साखरझोप. पातेल्यावर झाकण बरोबर बसत नव्हतं तर त्यांच्या भाजीचा वास लागून आमच्या चहाला मेथीची चव. शिवाय त्यांच्याकडे फ्रीजला अंडं सुद्धा चालत नाही, त्यामुळे श्रावणाच्या आधीच्या रविवारी नवऱ्याने हौसेने जे पापलेट आणलं ते सगळंच्या सगळं एका दिवसात संपवावं लागलं. इडलीचं पीठ आंबून दुपारी पातेल्याबाहेर. कोथिंबीर ओल्या फडक्यात, दूध तीनदा तापवून परातीत पाणी घालून त्यात. सासूबाई भलत्याच खूश, आमच्या वेळी कुठे होते फ्रीज. मी म्हटलं नाही हो आई, तुमच्या वेळी सकाळची 7.42 ची लोकल पण नव्हती.

तर त्या 7.42 मध्येच मला या वक्री प्रकरणाचा उलगडा झाला. ठाणं सुटलं की आमची फास्ट वेग घेते आणि बाजूच्या ट्रॅकवर बऱ्याचदा स्लो चाललेली असते. दाराशी उभं राहून बघितलं तर ती स्लो चक्क मागे मागे जाताना दिसते, त्यातल्या बायका, त्यांच्या मांडीवरच्या मेथीच्या जुड्या, सगळं डोंबिवलीकडे परत निघाल्यासारखं. जातायत त्या पण सीएसएमटीलाच. वक्री म्हणजे एवढंच. आपली पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटरने पळतेय, बाहेरच्या ट्रॅकवर शनी दहाच्या आतच, आपण दरवर्षी त्याला ओव्हरटेक करतो आणि मागच्या ताऱ्यांवर तो उलटा चालल्यासारखा दिसतो, साडेचार महिने. बुधाचं तर अजूनच अन्यायाचं. तो आतल्या ट्रॅकवर सेकंदाला 47 किलोमीटरने, 88 दिवसांत सूर्याला फेरी पूर्ण, म्हणजे तो फास्ट आणि आपण स्लो. दर चार महिन्यांनी तो आपल्याला आतल्या बाजूने मागे टाकून पुढे निघून जातो, आणि तेवढे तीन आठवडे आपण वर बघून म्हणतो, बघा, उलटा चाललाय! हे म्हणजे आमच्या ऑफिसातल्या एका बाईंसारखं झालं, ज्युनियरला आधी प्रमोशन मिळालं की म्हणतात तिची गाडी घसरली.

हे सगळं मी तळमजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका बँकेतून रिटायर, पत्रिका बघतात, पैसे घेत नाहीत पण चहा दोनदा घेतात. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "हे माहितीच आहे गं आम्हाला. कोपर्निकसने 1543 साली पुस्तक काढलं, पण आपले लोक त्याच्या आधी हजार वर्षं ग्रह कधी उलटणार नि कधी सुटणार याचं गणित करून बसलेत. दिसतो उलटा, म्हणून वक्री. आणि वळायच्या आधी काही दिवस जागचा हलतच नाही, तेव्हा तो स्तंभी. पुन्हा सरळ चालला की मार्गी. सूर्य-चंद्र कधी वक्री होत नाहीत, राहू-केतू कायमच वक्री." कायमच वक्री म्हटल्यावर मला माझे दोन्ही दीर आठवले, पण ते असो.

मग काकांनी खरी मेख सांगितली. "वक्री ग्रह वाईट असं सरसकट कोणी सांगितलं? वक्री असला की त्याला चेष्टाबल मिळतं, उलट तो बलवान होतो."

मी म्हटलं मग वक्री बुधात व्यवहार केला तर?

काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "नकोच करू."

घरी येऊन मी हट्टाने एक्सेल शीट केली, 2025 सालात कुठला ग्रह कधी वक्री. मंगळ 24 फेब्रुवारीपर्यंत वक्री. 2 मार्चला शुक्र वक्री, त्यात मध्येच बुध. शुक्र मार्गी 13 एप्रिलला. 13 जुलैला शनी वक्री तो 28 नोव्हेंबरपर्यंत, आणि तो सुटायच्या आत 11 नोव्हेंबरला गुरू वक्री, तो थेट पुढच्या वर्षात. म्हणजे राहू-केतू सोडून सगळेच्या सगळे सरळ चाललेत असे दिवस फेब्रुवारीच्या शेवटी सहा आणि नंतर 13 एप्रिल ते 13 जुलै बरोब्बर तीन महिने. त्या तीन महिन्यांत आमचा फ्रीज बर्फ पाडत होता. हे शीट मी सासूबाईंसमोर ठेवलं, म्हटलं आई, शनी पण वक्रीच आहे की, मग दिवाळीनंतर घ्यायचा का? त्या शांतपणे म्हणाल्या, "शनीचं काय घेऊन बसलीस, तो दर वर्षीच असतो. त्याचं मनावर घेतलं तर माणसाने जगायचं कधी." कुठल्या ग्रहाला किती किंमत द्यायची याचं त्यांचं गणित काकांपेक्षा पक्कं आहे.

11 ऑगस्टला बुध एकदाचा मार्गी झाला. कॉलनीत आतापर्यंत पोरं मार्गी लागलेली बघितली होती, अडलेली कामं मार्गी लागलेली बघितली होती, पण ग्रह मार्गी लागला म्हणून डोळ्यात पाणी माझ्या पहिल्यांदाच आलं. तेवढ्यात लेक म्हणाली, मम्मा, अजून दोन आठवडे शॅडो पीरियड असतो. सासूबाईंनी तिला तिथेच झापलं, छायाबिया आमच्या पंचांगात नाही. आघाडी तुटली. मी पर्स उचलली.

दुकानात गेल्यावर अजून एक गोष्ट उघड झाली. तेवीस दिवस हा माणूस, माझा नवरा, जो सत्यनारायणाला सुद्धा मोबाईल बघत बसतो, तो या बुधाबद्दल एक शब्द उलटा बोलला नव्हता. मला वाटत होतं आईसाठी गप्प आहे. तर सेल्समनने किंमत सांगितल्यावर हा पटकन म्हणाला, "म्हणजे 15 ऑगस्टची ऑफर लागली ना यात?" जुलैपासून याच्या डोक्यात सेल! बुधाला व्यापाराचा कारक का म्हणतात ते मला त्या एसी दुकानात उभ्या उभ्या कळलं.

फ्रीज आला दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. त्या दिवशी अंगारकी, घरात सगळ्यांचा उपास. चार मजले लिफ्टने आणि शेवटचा एक जिन्याने, कारण लिफ्टला त्या दिवशी चौथ्याच्या पुढे जायचं नव्हतं. सासूबाईंनी दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर फूल ठेवलं. वहिनींकडून माझी पातेली परत आणली, दोन जास्तच आली, ती नंतर दिली. मी प्लग हातात घेतला तर डिलिव्हरीवाला पोरगा ओरडला, "ओ काकू, चार तास लावू नका हां, आडवा आलाय टेम्पोत. नुसता उभा राहू द्या."

साडेपाच वाजले होते. चंद्रोदय नऊनंतर. सासूबाई फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसल्या, त्याच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या,

"स्तंभी आहे."