चाळण्यालाच वेगवाचन म्हणायचं, तर…

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर भाच्याने वेगवाचनाच्या एका क्लासचा मेसेज टाकला. तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आणि तिथे हा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: सामान्य माणूस मिनिटाला 200-250 शब्द वाचतो, वेगवाचन शिकलेला 1000. त्यासाठी एका नजरेत अख्खी ओळ उचलायची, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही, मागे वळून वाचायचं नाही. ‘हे चाळणं नव्हे! चाळणारा गाळतो, वेगवाचक सगळं वाचतो. आकलन 100 टक्के.’ शेवटी ‘नाद खुळा टेक्निक’.

खाली भाच्याचा प्रश्न: “मामा, तुम्ही दिवसभर वाचायचंच काम करता. करू का हा क्लास?”

मी मुद्रितशोधक आहे. छापखान्यांची प्रुफं तपासून पोट भरतो. म्हणून जरा सविस्तरच उत्तर दिलं, ते इथेही देतो.

पहिला आकडा खरा आहे, तेवढं मान्य. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा इंग्रजीत माहितीपर मजकुराचा मनातल्या वाचनाचा सरासरी वेग निघाला मिनिटाला 238 शब्द. पण तो इंग्रजीचा आकडा. आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो; इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. त्यामुळे इंग्रजीतले 1000 शब्द मराठीत तसेच्या तसे आणून विकणाऱ्याने मराठी मजकूर घेऊन मोजमाप केलेलं नाही, एवढं तिथेच कळतं.

आता ‘एका नजरेत अख्खी ओळ’. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच, दोनेक अंशांचा. त्याच्या कडेला अक्षरं धूसर होत जातात, आणि मराठीत तर ‘ध’ की ‘घ’, अनुस्वार आहे की नाही, हे त्या धुरकटात ठरवायचं असतं. वाचताना डोळा ओळीवरून घसरत नाही. तो उड्या मारतो, आणि दर मुक्कामाला साधारण पाव सेकंद थांबतो. म्हणजे मिनिटाला 240च्या आसपास मुक्काम. वरच्या 238शी ताडून बघा. 1000 शब्द वाचायचे तर दर मुक्कामाला चारहून जास्त शब्द उचलावे लागतील. सरावाने नजर सराईत होते, पण डोळ्याचा पडदा रुंद होत नाही.

मनातला उच्चार बंद करायचा मुद्दा लवकर संपतो. सोप्या मजकुरात तो आपोआप पुसट होतो. अवघड वाक्यात मुद्दाम दाबला, की समज घटते. कायद्याचं कलम मनात न म्हणता वाचून बघा.

मागे न वळण्याचं मात्र मला हसू आलं. सराईत वाचकाच्याही नजरेच्या शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात. एलिझाबेथ शॉटर या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये वाचून झालेला शब्द संगणकाच्या पडद्यावर झाकत नेला, म्हणजे परत बघायची सोयच ठेवली नाही. आकलन घसरलं.

खरा वाद ‘सगळं वाचतो’ या तीन अक्षरी ‘सगळं’चा आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं. सीझन जोरात, टेबलावर ढीग. नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता नीट बघितला. तळाची ओळ नेहमीचीच म्हणून तिच्यावरून नजर फिरवली. छापून आलं: ‘आहेर स्वीकारले जाणार’. ‘नाहीत’ हा शब्द पुढच्या ओळीत जाताना कापला गेला होता. वधूपित्याने तोंडाने काहीच म्हटलं नाही, नुसतं बोट ठेवून दाखवलं. आणि मला शपथेवर वाटत होतं, की मी ती ओळ पूर्ण वाचली होती! डोक्यात ती पूर्ण होती, कागदावर नव्हती.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो. वेगात शेपूट सुटली, की अर्थ उलटा. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ हा प्रश्न बघितला की भाच्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मग चाळणं आणि वेगवाचन यात फरक काय? 1980च्या दशकात मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी वेगवाचन शिकलेले, चाळणारे आणि नेहमीच्या गतीने वाचणारे असे तीन गट शेजारी बसवले. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय सांगण्यात वेगवाचक चाळणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अवघड मजकुरात आणि तपशिलात मात्र दोघे सारखेच, आणि सावकाश वाचणारे दोघांच्याही पुढे. माझ्या मते फरक उरतो तो एवढाच: चाळणाऱ्याला आपण काय गाळलं याची कल्पना असते, वेगवाचकाला नसते. पत्रिकेच्या दिवशी मी वेगवाचक होतो.

उलट चाळण्याला कमी लेखायचं काही कारण नाही. करवीर नगर वाचन मंदिरात (1850 सालापासूनची संस्था) कपाटासमोर उभं राहून आपण काय करतो? मलपृष्ठ, अनुक्रमणिका, मधलं एखादं पान, आणि मग घ्यायचं की ठेवायचं. डगन आणि पेन या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की वेळ अपुरा असताना चाळणाऱ्यांच्या लक्षात महत्त्वाचे मुद्दे जास्त राहतात. क्रमाने वाचत अर्ध्यावर अडकणाऱ्यांचे निसटतात. सातबाऱ्यावर नाव शोधताना नजर फिरवावी. ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा आहे का, हे मात्र शब्दन्‌शब्द वाचावं.

आणि तयारी असलेला माणूस खरंच भराभर वाचतो. पंचायत राज चार वेळा वाचलेल्याला पाचवं पुस्तक झरझर जातं, कारण निम्मं त्याला आधीच येतं. ती करामत क्लासची नाही, आधीच्या चार वाचनांची.

भाच्याने फी भरली नाही. परवा आला तेव्हा चहा होईपर्यंत त्याने अख्खा पेपर चाळून टाकला, मग जुनी प्रश्नपत्रिका काढली आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत बसला.