नास्तिक बाहेरून आलेले नाहीत

गणपती जवळ आले की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द दरवर्षी बदलतात, मुद्दे तेच राहतात: नास्तिकता हे पाश्चात्त्यांचं खूळ, तरुण पिढी त्यापायी देव सोडतेय, देवाचा धाक नाही तिथे नीती नाही, या लोकांना फक्त हिंदूंच्या चुका दिसतात आणि मरताना सगळ्यांनाच देव आठवतो. माझ्या जिव्हाळ्याची माणसं तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं.

पाश्चात्त्य खुळाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ सुरूच होतो देव आणि परलोक नाकारणाऱ्या चार्वाकमताने. वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे पूर्वमीमांसक यज्ञ मानत, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नसत. जैन आणि बौद्ध विचारातही सृष्टिकर्त्याला जागा नाही. देव न मानणाऱ्या सुधारक आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचले होते, हे खरं. पण त्याच डेक्कन कॉलेजात शिकलेले टिळक श्रद्धावान राहिले. इंग्रजी ग्रंथ वाचले की माणूस आपोआप नास्तिक होतो, असं काही नाही.

तरुण पिढी देव सोडतेय का? इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेत ‘धर्म नाही’ सांगणारे 2011 साली सुमारे 25 टक्के होते, 2021 साली 37 टक्के झाले. भारतात 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात जेमतेम 33 हजार निघाले. पुष्कळ घरांत कुटुंबप्रमुख सगळ्यांचा जन्माचाच धर्म सांगून टाकतो, त्यामुळे खरा आकडा मोठा असणार. तरीही 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या पाहणीत 97 टक्के भारतीयांनी देव मानतो असंच सांगितलं. बदललंय ते वेगळंच. पूजेला बसणार नाही, लग्न नोंदणी पद्धतीनेच करणार, हे मुलं-मुली आता आईवडिलांना तोंडावर सांगतात. पूर्वी असं वाटणारी माणसं गप्प बसत. त्यांनी बोलायला सुरुवात केली म्हणून संस्कृती बुडते, हे मला मुळीच पटत नाही.

नीतीचा मुद्दा मात्र मला सगळ्यांत जास्त लागतो. आगरकरांनी शिकत असतानाच आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार आहे. आणि ते तसंच जगले. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकी गमावली आणि ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. अभिनेते डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा म्हणत. तेच अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. दाभोलकरांच्या साथीने सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी, नाटकाचे प्रयोग करत गावोगाव हिंडले. यांतल्या कुणाला नरकाची भीती होती? दुसरीकडे गाडगेबाबा आणि पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसलेले साने गुरुजी श्रद्धावान होते. चांगुलपणाचा मक्ता कुठल्याच बाजूकडे नाही. वारकऱ्यांच्या भक्तीची टिंगल करणारे काही नास्तिक मी पाहिले आहेत, त्यांचंही मला पटत नाही.

फक्त हिंदूंवरच टीका? मग हमीद दलवाई कोण होते? 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. स्वतःच्या समाजाचा एवढा रोष पत्करलेला हा माणूस नास्तिक होता आणि मराठी लेखक होता. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दलही हीच तक्रार असते. तो वाचायला फार वेळ लागत नाही. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. अघोरी प्रकार कुठल्याही धर्माच्या नावाने केले तरी तो गुन्हाच. याच कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. मतभेदाची एवढी किंमत मोजलेल्या राज्यात ‘नास्तिकांना धडा शिकवा’ अशी ओळ या मजकुराला जोडलेली दिसते तेव्हा मला भीती वाटते.

राहता राहिलं मरण. सावरकरांना काटेकोर अर्थाने नास्तिक म्हणावं का, यावर वाद आहे. पण आपल्यामागे धार्मिक विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन करा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हा मजकूर पाठवणाऱ्या अनेकांना ते वंदनीय आहेत. दलवाई मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने 1977 साली गेले, मरण समोर दिसत असताना. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही विधी न करता त्यांचं दहन झालं. ज्याला त्या वेळी रामनाम हवंसं वाटेल त्याने ते जरूर घ्यावं. त्यावरून दलवाई खोटे ठरत नाहीत.