बॅजवरची बंदूक कुठली, ते तरी बघा

आज बाजारात एक टी-शर्ट बघितला आणि डोकंच फिरलं. वर ‘महार रेजिमेंट’, खाली ‘यश सिद्धी’ हे रेजिमेंटचं ब्रीद, मध्ये दोन एके-47 आणि त्यांच्यावर कवटी. कवटी! दुकानदार म्हणतो, "ताई, हेच खपतं. पोरांना भारी वाटतं."

अरे, रेजिमेंटच्या खऱ्या बॅजवर व्हिकर्स मशीनगन आहेत! तिवईसकट, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि सोबत खंजीर. 1946 साली ही मशीनगन रेजिमेंट झाली, त्याची ती खूण. गेममधली बंदूक उचलून तिथं चिकटवायची नसते.

माझा मामा याच रेजिमेंटमध्ये हवालदार. सुट्टीवर आला की ओट्यावर बसून ब्रासोनं बॅज घासायचा. तिवईच्या पायांत पांढरं राहिलं की दातांचा जुना ब्रश घेऊन पुन्हा सुरू. मी विचारलं होतं, "मामा, तोफ आहे का ही?" "तोफ नाय गं, मशीनगन. नळी जाड असते ना हिची, तिच्याभोवती पाणी भरतात. तापू नये म्हणून." आणि इथं कवटी!

हो, व्हिकर्स केव्हाच मोडीत निघाल्या, मान्य. बॅजही बदललाय. 1941 ला बेळगावात पलटण उभी राहिली, तेव्हा त्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता; 1818 ला तिथं आपले महार सैनिक ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पेशव्यांविरुद्ध लढले, त्याची आठवण. स्वातंत्र्यानंतर तो काढून खंजीर आणला. मला विचाराल तर तो काढायला नको होता. कंपनी सरकारची लढाई होती म्हणता? होती. पण पुढं इंग्रजांनी आपल्या महारांना सैन्यभरती बंद केली तेव्हा जुन्या जाणत्यांनी अर्जांमधून याच पराक्रमाचा दाखला दिला होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी 111 महार पलटण काढली, आणि 1921 ला मोडलीसुद्धा. एवढं सोसून मिळालेला बॅज आहे हा. मामा त्या बॅजला कुणाला हात लावू द्यायचा नाही, ते उगाच नाही.

आता ती फक्त आपलीच रेजिमेंट राहिलेली नाही, आणि तेही बरंच आहे. 1987 ला श्रीलंकेत लढताना गेलेले परमवीर चक्रवाले मेजर रामस्वामी परमेश्वरन 8 महारचेच, म्हणजे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे.

पोरांवर राग नाही हो माझा. कुणाचा आजा, कुणाचा काका पलटणीत होता, म्हणून हौसेनं घालतात. घालू देत. मामानं बघितलं असतं तर आधी शिव्या घातल्या असत्या, मग स्वतःच बसून बॅजचं चित्र नीट काढून दिलं असतं.

दुकानदाराचा नंबर घेतलाय. बॅजचा चांगला, स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर इनबॉक्सात टाका, उद्याच त्याला पाठवते. नवीन माल छापायच्या आत.