गुप्तधन शोधू इच्छिणाऱ्यांस नम्र सूचना

घरात कोणी पायाळू आहे काय, याची चौकशी आधी करावी. नसल्यास नाउमेद होऊ नये. जमिनीतले धन दिसण्यासाठी हल्ली पायाकडून जन्माला यावे लागत नाही, गाढ झोप लागली तरी पुरते. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात 2013 साली शोभन सरकार नावाच्या साधूंना स्वप्न पडले की, 1857 च्या उठावात लढून इंग्रजांच्या फासावर गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंहांच्या डौंडिया खेडा येथील पडक्या किल्ल्याखाली 1000 टन सोने आहे.

स्वप्न पाहताना आकड्यात काटकसर करू नये. एखाद्या हंड्यासाठी अघोरी विधी मांडाल, तर महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत जाल. 1000 टनांचे स्वप्न मात्र थेट केंद्रीय राज्यमंत्र्यांपर्यंत पोहोचते. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सुमारे 558 टन सोने होते. गाडीमागे एक टन धरला, तरी त्या राजाच्या दारी हजार बैलगाड्या आल्या असतील आणि पंचक्रोशीत कुणाला चाकोरीही दिसली नसेल. असा हिशेब मांडणाऱ्यास सरळ नास्तिक म्हणून मोकळे व्हावे.

मग एखादा शास्त्रीय अहवाल मिळवावा. जमिनीखाली धातूसारखे काही असू शकेल, असे भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने कळवले होते. त्यातले ‘असू शकेल’ हे शब्द हळू आवाजात वाचावेत. 18 ऑक्टोबरला पुरातत्त्व विभागाने काम सुरू केले, ते स्वप्नावरून नव्हे तर अहवालावरून, असा खुलासाही झाला. पहारी-फावड्यांचा दणका ऐकायला जमलेल्या गर्दीला मात्र लहानशा थापीने मातीचा एकेक थर खरवडणारी माणसे पाहावी लागली. तोवर भोवती चहा-भज्यांची दुकाने लागून जत्रा भरलीच होती. (दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे ध्यानात असू द्यावे. भजी त्यात येत नाहीत.)

निघाले ते मडक्यांच्या खापऱ्या, फुटक्या बांगड्या आणि एक चूल. त्या जागी कोण राहत होते, काय रांधत होते, असल्या फालतू प्रश्नांत पुरातत्त्ववाल्यांनाच रस असतो. आपण तिकडे लक्ष देऊ नये. महिन्याभरात काम गुंडाळले गेले, म्हणून स्वप्न खोटे ठरत नाही. जागा दोन हात चुकली असेल, धन सरकले असेल. शिवाय ज्याच्या नशिबी नाही त्याला धनाचे कोळसे दिसतात, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. आणि चूल तर सापडलीच आहे.